गाडी उचलली, आता शाफ्टचं काय? लिफ्ट किट आणि प्रोपेलर शाफ्टबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून उजाडला की माझ्या फोनवर एकाच जातीचे प्रश्न यायला लागतात. कुणी नव्या थारला दोन इंची लिफ्ट किट (सस्पेन्शनची उंची वाढवणारं सामान) बसवलेलं असतं, कुणी जुन्या जिप्सीचे पाटे (लीफ स्प्रिंग) बदललेले असतात, आणि पहिल्याच चिखलाच्या फेरीनंतर खालून थरथर, कुईकुई किंवा सरळ 'फाट्' असा आवाज आलेला असतो. प्रत्येकाला तेच तेच फोनवर समजावण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो.

शब्दांचा घोळ आधी मिटवू. ट्रान्सफर केसपासून (गिअरबॉक्सची ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी) पुढच्या-मागच्या डिफरन्शियलपर्यंत (ती ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटणारा गोळा) जाणारा लांब नळीचा शाफ्ट म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. त्याच्या दोन्ही टोकांना जो फुलीच्या आकाराचा जोड दिसतो तो युनिव्हर्सल जॉइंट, गॅरेजच्या भाषेत 'क्रॉस'. आणि डिफरन्शियलपासून चाकाकडे जाणारे, रबरी बूट घातलेले आखूड शाफ्ट म्हणजे हाफ शाफ्ट किंवा सीव्ही शाफ्ट. लिफ्टचा फटका यातल्या नेमक्या कुणाला बसणार, हे तुमची गाडी कोणती यावर ठरतं.

सस्पेन्शन उचललं तर शाफ्टचा काय संबंध? शाफ्ट तर चासिसला लागलेलाही नाही.

संबंध तिथेच आहे. इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस चासिसला बसवलेली असतात. ॲक्सल चाकांबरोबर जमिनीजवळ असतो. तुम्ही स्प्रिंग उंच केली की चासिस वर जातं आणि त्याच्याबरोबर ट्रान्सफर केसही. ॲक्सल मात्र टायरच्या उंचीवरच राहतो. दोघांना जोडणारा शाफ्ट आधीपेक्षा जास्त तिरका होतो आणि त्याला थोडं जास्त अंतरही कापावं लागतं. लिफ्टचे शाफ्टवर होणारे सगळे परिणाम या दोन बदलांतून येतात: कोन आणि लांबी.

दोन इंचांनी असा किती कोन वाढणार?

ते शाफ्टच्या लांबीवर आहे, आणि लोक नेमकं तेच विचारात घेत नाहीत. समजा मागचा शाफ्ट ६०० मिमी लांब आहे आणि कंपनीतून येताना ८ अंशांनी उतरता आहे. गाडी ५० मिमी उचलली की तोच कोन सुमारे १२.७ अंश होतो. शाफ्ट १२०० मिमीचा असता तर तेवढ्याच लिफ्टला कोन १०.३ अंशांच्या आसपास थांबला असता.

म्हणून आखूड व्हीलबेसच्या गाड्या लिफ्टला जास्त कुरकुरतात. मारुती जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मिमी, २०२० च्या थारचा २४५०, पाच दारांच्या जिम्नीचा २५९०, थार रॉक्सचा २८५०. इंजिन आणि गिअरबॉक्सने आपली जागा घेतली की उरलेलं अंतर शाफ्टच्या वाट्याला येतं. तीन दारांच्या जिम्नीपेक्षा पाच दारांची ३४० मिमी लांब व्हीलबेसची आहे आणि त्याचा फायदा मागच्या शाफ्टला मिळतो. त्यामुळे कुणी 'अमुक गाडीला तीन इंच चालले, मग माझ्याला का नाही' असं म्हणालं, तर मी आधी गाडीखाली टेप घेऊन जायला सांगतो.

क्रॉस तर फिरायलाच बनवलेला असतो. थोडा जास्त कोन झाला तर बिघडतं कुठे?

हा खरा प्रश्न, म्हणून इथे जरा थांबू.

क्रॉस हा काही सरळ साधा जोड नाही. सोळाव्या शतकातल्या इटलीतल्या कार्दानोचं आणि सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या रॉबर्ट हूकचं नाव या जोडाला चिकटलेलं आहे. त्याचा एक जन्मजात दोष आहे: तो कोनात असला की आत येणारा वेग एकसारखा असूनही बाहेर जाणारा वेग एकसारखा राहत नाही. प्रत्येक फेऱ्यात बाहेरची बाजू दोनदा पुढे धावते आणि दोनदा मागे रेंगाळते. कोन ३ अंश असेल तर हा चढउतार हजारात दीड भागाइतकाही नसतो. १० अंशांना तो दीड टक्का वर आणि दीड टक्का खाली होतो. २० अंशांना सहा टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे कोन दुप्पट झाला की धक्के चौपट.

मग गाड्या चालतात कशा? तर शाफ्टच्या दुसऱ्या टोकालाही तसाच क्रॉस असतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील आणि दोन्ही टोकांचे योक (क्रॉसला धरणारे दोन कानांचे चिमटे) एका रेषेत असतील, तर पहिल्याने केलेला गोंधळ दुसरा निस्तरतो. डिफरन्शियलला गुळगुळीत फिरणं मिळतं. मधली नळी मात्र तरीही पुढेमागे होतच राहते, तिची सुटका नाही.

लिफ्ट किट दोन्ही गोष्टी बिघडवू शकतं. कोन मुळातच वाढतो, म्हणून नळीची धडपड वाढते. आणि ॲक्सल थोडा जरी स्वतःभोवती वळला तर दोन टोकांचे कोन असमान होतात आणि निस्तरणं अर्धवट राहतं. शिवाय क्रॉसच्या वाटीतल्या सुईसारख्या रोलरना प्रत्येक फेऱ्यात जास्त मागेपुढे घासावं लागतं. कोन दुप्पट झाला की त्यांचं आयुष्य ढोबळ मानाने निम्मं होतं.

मग कोन अगदी शून्य केला तर उत्तम ना?

नाही. शून्य कोनात ते रोलर जागचे हलतच नाहीत. त्याच त्याच जागी भार झेलून क्रॉसच्या पायांवर बारीक खाचा पाडतात. अर्धा-एक अंश तरी हवा.

माझ्या थारला (२०२० नंतरची) पुढे दोन इंचांचे स्पेसर टाकायचे आहेत. पुढचा प्रोपेलर शाफ्ट बदलावा लागेल का?

पुढच्या प्रोपेलर शाफ्टला काहीच होत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या थारचं पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे, डबल विशबोन. म्हणजे पुढचं डिफरन्शियल चासिसलाच टांगलेलं आहे. चासिस वर गेलं की तेही बरोबर वर जातं, त्यामुळे ट्रान्सफर केस आणि डिफरन्शियल यांच्यातलं नातं जसंच्या तसं राहतं. बदलतो तो हाफ शाफ्टचा कोन. चाकं खाली, डिफरन्शियल वर.

तिथे क्रॉस नसून सीव्ही जॉइंट (कोनातही वेग एकसारखा ठेवणारे जोड) असतात, म्हणून वेगाच्या चढउताराचा प्रश्न येत नाही. चाकाकडचा सीव्ही जॉइंट ४५ अंशांच्या आसपास वळू शकतो. डिफरन्शियलकडचा मात्र साधारण त्याच्या निम्माच. आणि बिचाऱ्या बुटाला या कशाशी देणंघेणं नसतं, त्याच्या घड्या एकमेकींवर घासल्या की तो फाटतो. ग्रीस बाहेर उडतं, लाल माती आत जाते, आणि एका पावसाळ्यात जॉइंट टकटक करायला लागतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू निघताना येणारा 'टक टक टक' म्हणजे तोच.

यात एक बारकावा विक्रेता सांगत नाही. स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरच्या जोडीच्या) डोक्यावर बसणारी चकती आणि स्प्रिंगवर बसणारी चकती या वेगळ्या गोष्टी आहेत. डोक्यावरची चकती आख्खा स्ट्रट खाली ढकलते, त्यामुळे चाक हवेत लटकल्यावर आधीपेक्षा खाली जातं आणि सीव्ही व बॉल जॉइंट कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे ताणले जातात. स्प्रिंगवरची चकती, किंवा जास्त ताकदीची स्प्रिंग, गाडी उभी असतानाची उंची वाढवते. पण चाक खाली किती जाणार हे शॉक ॲब्सॉर्बरची लांबी ठरवते आणि ती तीच असते. सीव्हीच्या दृष्टीने दुसरा मार्ग बरा. आणखी एक: स्ट्रट खालच्या हातावर चाकापेक्षा आतल्या बाजूला बसलेला असतो, त्यामुळे डोक्यावरची एक इंचाची चकती चाकाजवळ एक इंचापेक्षा जास्त उचल देते. 'दोन इंचांचं किट' म्हणजे नेमकं कुठे दोन इंच, हे विचारून घ्या.

मागे मात्र याच थारला सरळ ॲक्सल आहे, मल्टिलिंक आणि कॉइल स्प्रिंगवर. तिथे प्रोपेलर शाफ्टचं वर सांगितलेलं सगळं गणित लागू होतं. २०२१ च्या फोर्स गुरखालाही हेच: पुढे स्वतंत्र, मागे सरळ ॲक्सल.

जुनी थार सीआरडीई आहे. टॉर्शन बार आवळून पुढून उचलली तर?

फुकटात उंची मिळते, म्हणून सगळे करतात. टॉर्शन बार म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी सळई. तो आवळल्याने चाक खाली जाण्याची मर्यादा बदलत नाही, पण गाडी त्या मर्यादेच्या जवळच उभी राहू लागते. थोडक्यात, आधी जो कोन फक्त खड्ड्यावरून जाताना यायचा, तो आता पुणे-नाशिक हायवेवर सतत असतो. वर गाडी खडखडीत होते ती वेगळीच, कारण खाली झुकायला चाकाला जागाच उरत नाही. एक इंचाच्या पुढे मी जात नाही.

बॉडी लिफ्टने शाफ्टवर काय परिणाम होतो?

काहीच नाही. बॉडी आणि चासिस यांच्यामध्ये ठोकळे जातात, इंजिन आणि ॲक्सल होते तिथेच राहतात. गिअरचा दांडा, स्टिअरिंगचा जोड आणि रेडिएटरच्या पंख्याचं आवरण मात्र बघावं लागतं.

जिप्सीचं काय वेगळं आहे?

जिप्सीचं सगळंच वेगळं, म्हणून तर तिच्यावर एवढा जीव. तिची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नसते. ती वेगळी, रबरी माउंटांवर चासिसला टांगलेली असते. त्यामुळे जिप्सीला दोन नव्हे, तीन शाफ्ट असतात: गिअरबॉक्सपासून ट्रान्सफर केसपर्यंतचा एक आखूड, मग एक पुढे आणि एक मागे.

कोन कमी करायला काही जण ट्रान्सफर केस खाली उतरवतात. दोन लांब शाफ्टांचं भलं होतं, पण मधला आखूड शाफ्ट वाकडा होतो. तो इतका आखूड आहे की अर्धा इंच उतरवलं तरी त्याला बराच फरक पडतो, आणि तो गाडी टू-व्हीलमध्ये असली तरी फिरतच असतो. एका गावाकडच्या रस्त्यावर माझ्या जिप्सीचा नेमका तोच क्रॉस गेला होता. मी तासभर मागच्या शाफ्टखाली शोधत बसलो.

दुसरं म्हणजे पाटे. जिप्सीचे पाटे मुळात ॲक्सलच्या खालून जातात. ते वरून घेतले की एका फटक्यात पाच इंचांच्या आसपास उंची मिळते. दिसते झकास. पण मग शाफ्ट नवा बनवावा लागतो, स्टिअरिंगच्या दांड्या हलवाव्या लागतात, ब्रेकचे होज लांबवावे लागतात, आणि पाट्यांवर ॲक्सल जास्त पीळ घेतो. एक सोय आहे ती अशी की पाट्यांची नवी बैठक ॲक्सलवर वेल्ड करावीच लागते, तेव्हा पिनियनचं (डिफरन्शियलच्या ज्या दांड्याला शाफ्ट जोडतो त्याचं) तोंड हवं त्या कोनात बसवून घेता येतं. वेल्डरला 'अंदाजे लाव' म्हणाल तर आयुष्यभर अंदाजेच चालवाल.

लांब शॅकल टाकले की झालं ना? तेवढंच स्वस्त पडतं.

शॅकल म्हणजे पाट्याचं एक टोक चासिसला टांगणारी पट्टी. दोन इंच लांब शॅकलने ॲक्सलजवळ साधारण एकच इंच उचल मिळते, कारण पाट्याचं एकच टोक खाली जातं. आणि एकच टोक खाली गेल्यामुळे ॲक्सल वळतो. मागच्या पाट्याचं शॅकल मागच्या टोकाला असलं तर पिनियनचं नाक वर येतं. जिप्सीच्या पुढच्या पाट्यांना शॅकल पुढच्या टोकाला असतं, त्यामुळे कॅस्टर (पुढचं चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे झुकाव) कमी होतो. स्टिअरिंग हलकं आणि भटकं होतं, वळणानंतर सरळ यायचं नाव घेत नाही. शाफ्ट वाचला तरी तुम्ही घामाघूम होता.

पाट्यांखाली पाचर मारून पिनियनचा कोन दुरुस्त करता येतो असं ऐकलं.

येतो, आणि चांगला उपाय आहे. ॲक्सलची बैठक आणि पाटा यांच्यामध्ये दोन-तीन अंशांची निमुळती पाचर बसते. ती पोलादाची घ्या. ॲल्युमिनियमची भार आणि धक्क्यांनी चुरते, आणि यू-बोल्ट ढिले झाले की ॲक्सलच सरकतो. बसवल्यावर शंभर-दीडशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळायचेच.

पण पाचर मागच्या ॲक्सलला. पुढच्या ॲक्सलला पाचर मारली की शाफ्ट आणि कॅस्टर यांची भांडणं सुरू होतात. पुढचं पिनियन वर केलं की कॅस्टर घटतो. कॅस्टर वाढवला की पिनियन खाली जातं आणि शाफ्टचा कोन वाढतो. दोघांपैकी एकाला झुकतं माप द्यावं लागतं, आणि मी नेहमी कॅस्टरला देतो. पुढचा शाफ्ट फक्त फोर-व्हीलमध्ये, तोही बहुतेक वेळा हळू, काम करतो. स्टिअरिंग मात्र हायवेवर शंभरच्या वेगातही हातात असतं.

जिम्नीला पाटे नाहीत. तिथे पिनियन कसं वळतं?

जिम्नीला दोन्हीकडे सरळ ॲक्सल आणि थ्री-लिंक मांडणी आहे. ॲक्सलला धरून ठेवणारे दोन हात चासिसच्या एका बिंदूभोवती फिरतात. गाडी उचलली की हात खाली झुकतात आणि ॲक्सलही त्यांच्याबरोबर वळतो. पुढे त्यामुळे कॅस्टर घटतो. किटबरोबर येणारे कॅस्टर बुश तो परत आणतात, पण त्याच्या बदल्यात पिनियन खाली पाडतात. भांडण तेच, हत्यार वेगळं.

मागे पिनियन वर येतं. ट्रान्सफर केसकडचा कोन वाढतो आणि पिनियनकडचा कमी होतो, म्हणजे दोन्ही असमान. पन्नास मिमीपर्यंत बहुतेक जण हे जाणवूनही सहन करतात. त्यापुढे हात नवे हवेत.

कोन मोजायचा कसा? त्यासाठी खास यंत्र लागतं का?

मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप चालतं, चुंबकाचा अँगल गेज मिळाला तर आणखी बरं. गाडी सपाट फरशीवर, चारही टायरवर उभी करा. जॅकवर चढवून मोजलेल्या आकड्याला अर्थ नाही. तीन आकडे घ्या: ट्रान्सफर केसच्या फ्लँजचा (शाफ्ट जिथे बोल्टने जोडतात त्या चकतीचा) उतार, नळीचा उतार, पिनियनचा उतार. शेजारशेजारच्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे त्या क्रॉसचा खरा कोन.

उदाहरणार्थ ट्रान्सफर ३, नळी १३, पिनियन ३ आलं तर दोन्ही क्रॉस दहा-दहा अंशांवर आहेत. कोन मोठा आहे, पण समान आहे. हीच गाडी, पण पिनियनचं नाक सहा अंश वर वळलं आणि त्याचा उतार ९ झाला, तर एका टोकाला १० आणि दुसऱ्या टोकाला ४. दोघांच्या वर्गांची वजाबाकी करून वर्गमूळ काढलं की ९.२ येतं. म्हणजे डिफरन्शियलला जणू एकच क्रॉस सव्वानऊ अंशांवर फिरत असल्याचे धक्के बसतात. हा आकडा तीनच्या आत ठेवायचा असतो.

शाफ्ट वरून बघितल्यावरही तिरका जात असेल तर तो आडवा कोनही धरावा लागतो. सुरुवातीला ते सोडून दिलंत तरी चालेल.

थरथर टायरची की शाफ्टची, हे कसं ओळखायचं?

टायरची थरथर जाडी असते, सीटमधून किंवा स्टिअरिंगमधून हलते. शाफ्टची बारीक असते, फरशीतून येते, कधी कधी नुसती गुणगुण ऐकू येते. कारण साधं गणित आहे. २३५/७५ आर१५ टायर ८० च्या वेगात सेकंदाला साडेनऊच्या थोडं वर फेरे घेतो. डिफरन्शियलचं प्रमाण चारच्या आसपास धरलं तर शाफ्ट सेकंदाला ३८-३९ फेरे घेतो. आणि क्रॉसचा धक्का फेऱ्यात दोनदा, म्हणजे सेकंदाला सुमारे ७७ वेळा.

मग वेग कायम ठेवून पाय ॲक्सिलरेटरवर कमीजास्त करा. जोर दिल्यावर थरथर वाढते आणि सोडल्यावर जाते, किंवा उलट, तर पिनियनच्या कोनावर संशय घ्या. जोर देताना पिनियन वर उचललं जातं आणि सोडताना खाली येतं, त्यामुळे फरक पडतो. जोराशी संबंध नाही, फक्त वेगाशी आहे, तर शाफ्टचा बॅलन्स गेला असेल किंवा टायर.

शेवटची खात्री शाफ्ट काढून. पुढचा काढून टू-व्हीलमध्ये चालवा. मागचा काढून फोर-हायमध्ये, हळू, थोडं अंतर. मात्र काही शाफ्ट फ्लँजने न जोडता थेट ट्रान्सफर केसमध्ये सरकलेले असतात. ते काढले की तेल वाहून जातं. आणि काही जुन्या जीपांमध्ये हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागे असतो. मागचा शाफ्ट काढला की हँडब्रेक ओढूनही गाडी उतारावरून निघून जाते. चाकाखाली दगड ठेवा.

लिफ्टनंतर थरथर सुरू झाली. म्हणजे किटच खराब?

बऱ्याचदा नाही. किट बसवताना शाफ्ट उघडला जातो, आणि मधल्या स्प्लाइनमधून (एकात एक सरकणाऱ्या खाचांच्या जोडातून) दोन तुकडे वेगळे झाले की ते परत जोडताना एका खाचेने चुकतात. मग दोन टोकांचे योक एका रेषेत राहत नाहीत. पूर्ण ९० अंशांनी चुकले तर दुसरा क्रॉस पहिल्याचा गोंधळ निस्तरण्याऐवजी त्यात भरच घालतो. एका मित्राच्या गाडीचे यामुळे दोन डिफरन्शियल सील गेले, माउंट बदलले, टायर चार वेळा बॅलन्स झाले. शेवटी फरशीवर झोपून नुसतं बघितलं तर योक आडवे-उभे. दहा मिनिटांचं काम होतं. उघडण्याआधी दोन्ही तुकड्यांवर खडूची नाही, पंचची खूण करा. खडू चिखलात टिकत नाही.

शाफ्ट आखूड पडतो म्हणतात. किती?

वरच्या ६०० मिमीच्या उदाहरणात ५० मिमी लिफ्टला अंतर साधारण ९ मिमीने वाढतं. ऐकायला क्षुल्लक आहे. पण हे गाडी उभी असताना. चाक दरीत लटकलं की आणखी वाढतं, आणि स्प्लाइन आधीच जेमतेम गुंतलेल्या असतील तर त्या झिजतात, टोकाला सुटूही शकतात. चालत्या गाडीत पुढचा शाफ्ट पुढच्या टोकाला सुटून जमिनीत रुतला तर काय होतं, ते सांगायला नको.

उपाय दोन. कमी फरकाला फ्लँजमध्ये स्पेसर, मध्यभागी नीट बसणारा, आणि त्याबरोबर १०.९ ग्रेडचे लांब बोल्ट. जास्त फरकाला नळी कापून लांब करायची किंवा लांब स्प्लाइनचा शाफ्ट बनवायचा. पुण्या-मुंबईत ट्रकच्या शाफ्टचं काम करणारे टर्नर हे उत्तम करतात. फक्त काम झाल्यावर बॅलन्सिंग मशिनवर चढवून घ्या. वेल्डिंगनंतर 'डोळ्यांनी सरळ' दिसणारा शाफ्ट सत्तरच्या वेगाला खरं बोलतो.

डबल कार्डन शाफ्ट टाकला तर सगळे प्रश्न सुटतात का?

एका टोकाला दोन क्रॉस पाठीला पाठ लावून बसवलेले असतात, मध्ये एक मध्यबिंदू धरणारा गोळा. दोघं कोन वाटून घेतात आणि एकमेकांचे धक्के तिथल्या तिथे मिटवतात. मोठ्या कोनाला हा उत्तम. पण हे करताना नियम बदलतो, हे विसरू नका. आता पिनियन ट्रान्सफर केसला समांतर नको, त्याचं तोंड सरळ शाफ्टकडे हवं, जोर आल्यावर ते वर उचललं जाईल म्हणून एक-दोन अंश खाली. महागडा शाफ्ट टाकून पिनियन तसंच ठेवलं तर पैसे पाण्यात.

अमेरिकेतल्या १९९७ ते २००६ च्या टीजे रँग्लरमुळे हा उपाय प्रसिद्ध झाला. तिचा मागचा शाफ्ट आखूड आणि थेट ट्रान्सफर केसमध्ये सरकणारा. थोडी उंच केली की थरथरायची, म्हणून तिथले लोक ट्रान्सफर केसचं शेपूट बदलून फ्लँज बसवतात आणि डबल कार्डन शाफ्ट टाकतात. नंतरच्या जेके रँग्लरच्या पुढच्या शाफ्टला सीव्हीसारखे जॉइंट आणि रबरी बूट होते. लिफ्टनंतर ते बूट फाटायचे. तिकडचे सल्ले वाचताना आपल्या गाडीला मुळात फ्लँज आहे की सरकतं टोक, हे खाली वाकून बघा. अर्ध्या सल्ल्यांची गरजच पडत नाही.

लांब पिकअपला दोन तुकड्यांचा शाफ्ट आहे.

मग मधल्या सेंटर बेअरिंगकडे बघा. लिफ्टनंतर पहिल्या गिअरमध्ये निघताना अंग झाडल्यासारखा झटका येत असेल तर बेअरिंगचा ब्रॅकेट थोडा खाली घ्यावा लागतो. पाच-सहा मिमीच्या चकत्यांनी काम होतं. अंदाजाने जाडी वाढवत नेऊ नका, मोजून टाका.

सगळं बसवलं, गाडी रस्त्यावर गुळगुळीत चालते. आता काम संपलं?

सर्वात महत्त्वाची तपासणी राहिली. रस्त्यावर मोजलेला कोन हा सर्वात मोठा कोन नसतो. सर्वात मोठा कोन चाक हवेत लटकलेलं असताना येतो, आणि सह्याद्रीतल्या एका ओढ्याच्या दगडावर तो दर दहा फुटांना येतो.

चासिस भक्कम स्टँडवर चढवा, ॲक्सल पूर्ण लटकू द्या. गिअर न्यूट्रल. शाफ्ट हाताने पूर्ण फेरा फिरवा. कुठे अडतो का, योकचे कान एकमेकांना टेकतात का, बूट ताणून पांढरा पडतो का, स्प्लाइन किती बाहेर आल्या, ब्रेकचा होज तणावात आहे का, नळी सायलेन्सरला किंवा क्रॉस मेंबरला घासते का. अडत असेल तर लांब शॉक ॲब्सॉर्बरचा मोह सोडा किंवा ॲक्सलला पट्टे बांधून खाली जाण्यावर मर्यादा घाला. मग एका बाजूचं चाक रॅम्पवर चढवून दाबलेल्या स्थितीतही बघा. स्प्लाइन आत पूर्ण टेकून ठोकत असेल तर तो धक्का थेट ट्रान्सफर केसच्या बेअरिंगवर जातो.

क्रॉस तुटतो तो कोनामुळे की ताकदीमुळे?

दोन्ही एकत्र आले की. समजा इंजिन ३०० न्यूटन-मीटर देतं, पहिला गिअर साधारण चारपट, लो रेंज अडीचपट. शाफ्टवर ३००० न्यूटन-मीटर आले. चाक दगडात अडकलेलं, डिफरन्शियल लॉक, ॲक्सल लटकलेला, म्हणजे कोन सर्वात मोठा. अशा वेळी ॲक्सिलरेटरवर उडी मारली की क्रॉसची वाटी उडते. मोठे टायर यात आणखी भर घालतात, कारण अडलेलं चाक सोडवायला शाफ्टला जास्त पीळ द्यावा लागतो. पाय हलका ठेवणं हे सर्वात स्वस्त किट आहे.

पावसाळ्यात देखभाल काय करायची?

पाण्यातून किंवा कोकणातल्या वाळूतून आलात की ग्रीस निपलमधून नवं ग्रीस मारा. चारही वाट्यांतून जुनं बाहेर येईपर्यंत. एकाच वाटीतून येत असेल तर बाकीच्या तीन कोरड्या आहेत. गंजाची तांबूस पूड दिसली किंवा निघताना कुईकुई आली तर क्रॉस बदला. सुटा क्रॉस, सर्क्लिप आणि ग्रीस गन मी गाडीतच ठेवतो.

आरटीओ आणि वॉरंटीचं काय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळा बदल करायला परवानगी नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच अधोरेखित केलं आहे. वॉरंटी आणि विम्याचा वाद झाला तर लिफ्ट तुमच्या विरोधात उभी केली जाईल हे धरून चाला.

नेमकं किती उचलू, एकच आकडा सांगा.

रोजच्या वापराची, वर्षातून पाच-सहा वेळा डोंगरात जाणारी गाडी असेल तर आधी टायर बदला आणि गाडीच्या पोटाखाली संरक्षक प्लेट लावा. टायर बदलले की ॲक्सलही वर येतो, शाफ्टचा कोन एका अंशानेही बदलत नाही. तरीही अडलात तर दीड इंच, फार तर दोन. तीन इंचांचा विचार करत असाल तर किटच्या किमतीएवढीच रक्कम शाफ्ट, हात आणि पाचरींसाठी बाजूला काढा, मगच फोन करा.